मंद्रातला टँगो

नाशिक,
१० मार्च २०२५

चि. वेदिका हिस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल तुझा फोन पुन्हा वाजला आणि मी पुन्हा उचलला नाही, तेव्हा तू गाल फुगवून बसली असशील. पण उचलून करू काय? डॉक्टरांनी तोंड उघडायला बंदी केली आहे. गळ्यातली गाठ शस्त्रक्रियेने काढली. तपासात ती साधीच निघाली, त्यामुळे जिवाची काळजी नाही. मात्र जखम स्वरयंत्रावर आहे, ती भरेपर्यंत बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने म्हणे जास्त ताण पडतो. अंगठ्याने मोबाइलवर टाइप करणं मला या जन्मी जमायचं नाही, म्हणून सरळ कागद पुढे ओढला. राखी त्याचा फोटो काढून तुला पाठवेल. माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी आता माझी जीभही झाली आहे. दूधवाल्याशी माझ्या वतीने तीच भांडते, आणि माझ्यापेक्षा बरं भांडते.

क्लासही सध्या तीच घेते. मी समोर बसते आणि सूर चढा लागला की हात खाली करते, उतरला की वर करते. मुली खुदुखुदु हसतात. चौकातल्या पोलिसासारखी दिसत असेन.

बाकी मौनात घर फार मोठं झालंय गं. पंखा फिरतो तो कोमल धैवतावर, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. सकाळी गोदेवर, आपल्या गंगेवर, जाऊन बसते. पाण्यावर धूर तरंगत असतो, घाटावर कुणीतरी पितळी तांब्या आपटतं, आणि तो आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊन परत येईपर्यंत मी त्याच्याबरोबर जाऊन येते. कधी कधी वाटतं, मी बसलेलीच नाही, घाटच मला घेऊन वाहतोय.

तू कशी आहेस? ती बटणांची पेटी वाजवायला शिकलीस का? दीपक अजून म्हणतो की पेटीच शिकायची होती तर इगतपुरीत काय पेट्या नव्हत्या, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कशाला जायचं. बापाचं मन आहे, म्हणू दे त्याला.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, आणि उत्तर कागदावरच दे. तुझं अक्षर पाहून जमाना झाला.

तुझी मुकी,
आत्या

———

ब्युनोस आयरेस,
२८ मार्च २०२५

ती. आत्यास वेदिकाचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा फोटो मोठा करून करून वाचला. तुझ्या 'ळ'ची शेपटी अजून ओळीच्या बाहेरच जाते.

तुमच्याकडे ऊन तापायला लागलं असेल. इथे सगळं उलटं, आता पानगळ सुरू झाली आहे. रस्त्यांवर पिवळ्या पानांचे ढीग आणि वर कोवळं, थकलेलं ऊन. शहराला लागून जी नदी आहे तिचा पलीकडचा काठ दिसत नाही. रंग आपल्या टपरीवरच्या चहासारखा. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, आपली गंगा म्हातारी होऊन इथे राहायला आली असावी.

बटणांच्या पेटीचं नाव बँडोनिऑन. आपल्या पेटीचीच चुलत बहीण, आत तशाच पितळी पट्ट्या. पण स्वभावाने फार तिरकी. भाता उघडताना जे बटण एक सूर देतं, तेच मिटताना दुसरा देतं. माझे गुरू ओरासिओ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते म्हणतात, माणसंही येताना एक बोलतात आणि जाताना दुसरं, मग वाद्याने का बोलू नये.

आता मुद्द्याचं. शिष्यवृत्तीचं वर्ष संपताना, नोव्हेंबरमध्ये, मला स्वतःची एक रचना सादर करायची आहे. तीही एका जुन्या नाचघरात. आपलं ख्यालाचं गाणं आणि इथला टँगो एकत्र नांदतील असं काहीतरी मी करते आहे. बँडोनिऑन, व्हायोलिन, पियानो, माणसाहून उंच असलेला डबल बास, आणि मी आपल्या पेटीवर. टँगोतही आठ मात्रा मिळतात, पण त्या तीन, तीन, दोन अशा तुटतात. पाऊल टाकता टाकता कुणीतरी हाक मारावी तसं.

आणि मधोमध मला तुझा आवाज हवा आहे. मी लहान असताना तू नाशिकला किरवाणी गायली होतीस. मी आईच्या मांडीवर झोपले होते आणि तार षड्जावर जागी झाले, असं आई सांगते. त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तो आवाज स्पीकरमधून येईल आणि आम्ही पाचजण त्याच्याभोवती वाजवू. वापरू का? तू हो म्हटल्याशिवाय एक सूरही पुढे लिहिणार नाही.

तुझा हात डोक्यावर आहे म्हणून इतक्या लांब धीर टिकतो. तो तसाच ठेव.

तुझी,
वेदिका

———

नाशिक,
१६ एप्रिल २०२५

चि. वेदिका हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

अगं, त्यात विचारायचं काय? तो आवाज तुलाच दिला. किरवाणी तसाही दक्षिणेतून आपल्याकडे आलेला पाहुणा राग. पाहुण्याला आणखी पुढे नेलंस तर तो कुरकुरणार नाही. आणि आठ मात्रांना घाबरतेस कशाला? केरव्यातही आठच असतात. जमीन तीच, पाय कुठे पडतो तेवढं वेगळं.

तुझं पत्र आल्यापासून मला ते तुझं शहर स्वप्नात दिसतं. परवा दिसलं की मी गंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरते आहे. उतरत गेले, उतरत गेले, आणि शेवटच्या पायरीवर पिवळी पानं पडलेली. समोर पाणीच पाणी. दूर एका होडीत कुणीतरी गात होतं. ऐकलं तर माझाच आवाज, तेव्हाचा. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि डॉक्टरांची आठवण होऊन पटकन मिटलं. स्वप्नातही मी किती शहाणी आहे बघ.

आता थोडं थोडं बोलायची परवानगी मिळाली आहे. आवाज जरा जड आहे, पण होईल हलका. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई फार गोड आहेत. मला फुग्यात हवा भरल्यासारखे ओठ फडफडवायला लावतात. साठी ओलांडलेल्या बाईने घोड्यासारखं फुरफुरायचं! राखी तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात पळते.

रचना पुढे ने. मला मधून मधून ऐकव. तुझं माझ्यावर प्रेम आहे ते ठाऊक आहे, तरी लिहीत जा. वाचायला बरं वाटतं.

तुझी,
आत्या

———

इगतपुरी,
१२ जुलै २०२५

चि. वेदू, बाबाचे आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे. रेल्वेत उभा जन्म गेला, निरोप दोन ओळींत द्यायची सवय. पण हे फोनवर सांगवत नाही. तुझी आई शेजारी बसून डोळे पुसते आणि तू तिकडे घाबरतेस.

इकडे पाऊस धो धो. घाट आठ-आठ दिवस ढगात असतो, गाड्या ढगातून येतात आणि ढगात जातात. आम्ही ठीक आहोत.

काळजी आहे ती ताईची. तुला ती सगळं गोडच लिहीत असणार. तिचा आवाज परत आला नाही, वेदू. म्हणजे आला, पण दुसराच आला. जाडा, घोगरा, बायकी म्हणावा असा राहिलाच नाही. वरचे सूर लागतच नाहीत. डॉक्टर म्हणतात जखम छान भरली आहे, याहून फार फरक पडेल असं वाटत नाही. मध्ये गॅसवाल्याने फोनवर तिला साहेब म्हटलं. बोला साहेब, सिलिंडर कधी पाठवू. त्या दिवसापासून तिने फोन उचलणं बंद केलं. आवाजाच्या व्यायामाला जाणं सोडलं. क्लासमधल्या मुलींना दुसरीकडे जा म्हणून सांगितलं. राखी रडत माझ्याकडे आली होती.

मी नाशिकला गेलो तेव्हा तंबोरे गवसणी घालून कोपऱ्यात उभे होते. आणि तुला जे जुनं रेकॉर्डिंग दिलंय, ते घरात सारखं चालू. ती खिडकीत बसून ऐकते. चहा दिला तरी लक्ष नाही. मी विचारलं तर म्हणाली, वेदिकाने जिला बोलावलंय ती गातेय, मी कशाला मध्ये बोलू.

तुझा यात दोष नाही, तू प्रेमानेच मागितलंस. मला गाण्यातलं कळत नाही. पण चांगलं इंजिन सायडिंगला लावून ठेवलं की गंज चढतो, एवढं कळतं. तुला काही सुचत असेल तर बघ. मी लिहिलं हे तिला सांगू नकोस.

तब्येत सांभाळ. पैसे-कपडे काही लागलं तर मागायला लाजू नकोस. आमचा जीव तिकडेच असतो.

तुझा,
बाबा

———

ब्युनोस आयरेस,
२७ जुलै २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांनी मला पत्र लिहिलं आणि तुला सांगू नको म्हणाले, म्हणून आधी तेच सांगून टाकते. चांगलं इंजिन सायडिंगला ठेवलं की गंजतं, असं लिहितात. आपल्या घरात गुपित टिकत नाही.

मी रडले आणि मग स्वतःवर चिडले. मी इथे बसून तुझ्या जुन्या आवाजाभोवती महाल बांधत होते, आणि तू तिकडे दाराबाहेर उभी होतीस.

त्याच आठवड्यात मी ओरासिओंना रचना ऐकवली. बाहेर थंडी, काचेवर धुकं, खोलीत एकच शेगडी. तू गायला लागलीस तेव्हा त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर ते उघडले. मग विचारलं, ही बाई आता कुठे आहे? मी म्हटलं, तिचा आवाज गेला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि विचारलं, कधी वारली? मी म्हटलं, अहो, वारली नाही, आवाज घोगरा झाला, वरचे सूर जात नाहीत. तर आत्या, ते इतके हसले की बँडोनिऑन मांडीवरून घसरली. म्हणाले, मग गेलं काय? आमच्याकडे कोवळ्या, स्वच्छ आवाजाने टँगो गायला की लोक म्हणतात, छान आहे, पण याने अजून पाहिलंय काय. आवाजाला तडा गेला की मग तेच लोक खुर्च्या पुढे ओढून बसतात.

म्हणून मी तुझं रेकॉर्डिंग रचनेतून काढून टाकलं. त्या जागी आता काही नाही. वाद्यं तिथवर येतात, थांबतात आणि वाट बघतात. या पत्राबरोबर ती फाइल पाठवते आहे. त्या रिकाम्या जागांमध्ये मला तू हवी आहेस. तेव्हाची नको, आत्ताची.

तू रागावशील. रागाव, पण माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
वेदिका

———

नाशिक,
५ ऑगस्ट २०२५

वेदिका, आशीर्वाद.

फाइल ऐकली नाही, ऐकणारही नाही.

त्या लोकांचे आवाज सिगारेटने, जागरणांनी, प्रेमाबिमाने फुटले असतील. आयुष्यभर वापरून झिजले असतील. माझा कसा गेला? टेबलावर आडवी झाले, डोळे मिटले, उघडले तेव्हा नव्हता. त्यात तुमच्या गोष्टींतलं काही नाही. मी तोंड उघडते तेव्हा कुणीतरी परकी बाई माझ्या घरात बोलते आहे असं वाटतं. तिला मी ओळखत नाही, आणि तिला चारचौघांत गायला बसवणार नाही.

जुनी सविता हवी असेल तर घे. नको असेल तर तुझी वाद्यं तुझी तू वाजव. दीपकलाही सांग, इंजिनाची काळजी करायला त्याला रेल्वेने पगार दिला होता, मी नाही.

लोभ आहे. आज लिहवत नाही.

आत्या

———

इगतपुरी,
३ सप्टेंबर २०२५

चि. वेदू हिस आईचे अनेक आशीर्वाद आणि गालावरून हात.

काल गौरी गेल्या, आज हात मोकळे झाले, म्हणून लिहायला बसले. तुझ्या बाबांना आधी लिहायचं होतं. मी म्हटलं, हे मीच लिहिणार, कारण झालं ते माझ्यामुळे.

ताई यंदा गौरींना यायला तयारच नव्हत्या. बाबा जाऊन घेऊन आले. आल्या त्या बाहेरच्या खोलीत वाती वळत बसल्या, कुणाशी बोलणं नाही. बाहेर पांढरं फटक धुकं, अंगणातली तुळससुद्धा दिसत नव्हती. मी आत पुरणपोळ्या लाटत होते. करमेना, म्हणून फळीवर मोबाइल ठेवून तू आम्हालाही पाठवलेलं ते गाणं लावलं. मला कळत काही नाही, पण माझ्या लेकीचं आहे ना. ते वाजतं, वाजतं, आणि मध्येच थांबतं. मला काही असं मोकळं बघवत नाही, वेदू. ताटात वाटी रिकामी दिसली तरी मी भाजी वाढते. मी आपली तिथे गुणगुणायला लागले.

माझा आवाज तुला माहीत आहे. सटाण्याला माझी आई म्हणायची, मीना गायली की बैल दावं तोडतो.

पहिल्यांदा बाहेरून नुसतं खाकरणं ऐकू आलं. दुसऱ्या वेळी गाणं थांबलं, मी पुन्हा सुरू झाले, तर बाहेरून आवाज आला की मीना, ऋषभ शुद्ध घे गं. मी म्हटलं, ताई, मला ऋषभ काय नि वृषभ काय. आणि तशीच गात राहिले. तिसऱ्या वेळी त्या हातात वाती घेऊन दारात उभ्या. कपाळावर ही आठी! म्हणाल्या, असं नाही, असं. आणि गाऊन दाखवलं.

वेदू, कसं सांगू तुला. तो आवाज गळ्यातून आलाच नाही. खालून आला, जमिनीतून यावा तसा. बोगद्यात गाडी शिरायच्या आधी रूळ घुमतात ना, तसं माझ्या हातातलं लाटणं घुमलं. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. एक ओळ म्हणून थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात तुझं गाणं पुन्हा थांबलं, वाट बघायला लागलं. ताईंनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि शेवटपर्यंत गायल्या. तव्यावरची पोळी पार कोळसा झाली, मी उलथनं उचललं नाही.

संपल्यावर म्हणाल्या, मीना, परत लाव.

तुझे बाबा म्हणतात, तू मुद्दाम बेसूर गायलीस. गौरीची शपथ घालतात. मी कशाला सांगू? चाळीस वर्षं बेसूर म्हणून घेतलंय त्यांच्याकडून, एवढं तरी माझ्याकडे राहू दे.

जेवत जा वेळेवर. आईची आठवण आली की फोन कर, नाही आली तरी कर.

तुझी,
आई

———

नाशिक,
१९ सप्टेंबर २०२५

चि. वेदिका हिस आत्याचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

मागचं पत्र फाडून टाक. नको, राहू दे. मी कधी कधी किती दुष्ट होते याची तुला आठवण राहील.

आता कान उघडे ठेवून ऐक. माझा षड्ज काळी चारवर असायचा. तो आता पांढरी चारवर आहे, म्हणजे सगळ्यांनी खाली यायचं. ओरासिओंना त्यांची बटणं नव्याने शोधावी लागतील असं तू म्हणशील. शोधू देत. त्यांनीच हसून हे ओढवून घेतलंय. तू शेवटाकडे जी चढण लिहिली आहेस, तार षड्जाकडे जाणारी, ती काढून टाक. ती त्या जुन्या बाईसाठी होती. मी वर जाणारच नाही. मी उतरणार. मध्य सप्तकातून मंद्राच्या पंचमापर्यंत, एकेक पायरी. तिथे खाली काय आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळी वर्षं वरच बघत गायले. खाली इतका काळोख, इतका गारवा आणि इतकी जागा आहे, वेदिका! गंगेच्या डोहात पाय सोडून बसल्यासारखं वाटतं.

बोलही मीच बांधले आहेत. 'हौले हौले उतर री साँझ, नदिया अजहूँ जागत है.' अस्ताई एवढीच. अंतरा नाही. अंतरा वर जातो, आणि आपल्याला वर जायचं नाही.

राखी परत आली आहे, मुलीही. सकाळी त्या वर गातात आणि मी त्यांच्याखाली. राखी म्हणते की गाण्याला तळमजला आला. व्यायामाच्या बाईंकडेही जाते, फुरफुरते. ती परकी बाई अजून घरात आहे. पण आता आम्ही एकमेकींना चहा विचारतो.

आणि एक. परवा फोनवर रेकॉर्डिंग करून पाठव म्हणालीस, ते होणार नाही. तू जिथे रिकामी जागा सोडली आहेस, तिथे किती थांबायचं हे गाणाऱ्याने त्या क्षणी ठरवायचं असतं. ते डबीत भरून पाठवता येत नाही. म्हणून मी येते आहे. दीपकने तोंडाचा आ केला आहे, तो अजून मिटलेला नाही.

तिकडच्या थंडीची, खाण्याची, सगळी माहिती कळव. माझ्याबद्दल वाटतं ते भेटीपर्यंत साठवून ठेव.

तुझी,
आत्या

———

ब्युनोस आयरेस,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. दीपक व सौ. मीना यांस सविताचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर परवा नुसतं छान झालं एवढंच म्हणाले, कारण वेदिका शेजारी होती आणि तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं. आता ती बाजारात गेली आहे, तेव्हा सगळं लिहिते.

इथे सध्या वसंत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीलमोहराची झाडं फुलली आहेत, वर जांभळं, खाली जांभळं. सकाळी चालायला निघाले की मी जागी आहे की नाही याची खात्री होत नाही. लोक प्रेमळ आहेत. ओळख नसताना गालाला गाल लावतात. मी पहिल्यांदा दचकून मागे सरले, आता सवय झाली. मीना, तू हसू नकोस.

ओरासिओ उंच, वाकलेले, पांढऱ्या मिश्या. पहिल्याच तालमीला मी गायले आणि त्यांनी मान हलवून काहीतरी म्हटलं. वेदिकाने सांगितलं, ते म्हणतात की ही बाई फार उशिरा आली. मी म्हटलं, सांग त्यांना, गाठ आधी झाली नाही, त्याला मी काय करू. पुढे पुढे ते स्पॅनिशमध्ये रागवायचे आणि मी मराठीत. वेदिकाने भाषांतर करणं सोडून दिलं. काही अडलं नाही.

कार्यक्रम एका जुन्या नाचघरात होता. मोठी लाकडी जमीन, मध्ये सगळी मोकळी, आणि खुर्च्या कडेने भिंतींना लावलेल्या. उंच मंच नाही. आम्ही एका टोकाला, त्यांच्याच पातळीवर. संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून तिरपं आत येत होतं. सुरुवातीला बँडोनिऑन आणि आपली पेटी दोघीच वाजल्या. एकीने भाता भरायचा, दुसरीने सोडायचा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. मग तो मोठा डबल बास चालायला लागला. तीन, तीन, दोन. आणि पहिली रिकामी जागा आली.

मी षड्ज लावला. डोळे मिटलेलेच होते. 'हौले हौले' म्हणत ऋषभावरून गंधारावर टेकले, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दीपक, तू मैफलीला कधी गायला बसला नाहीस, तुला नाही कळायचं. गाताना खुर्ची वाजली की गाणाऱ्याचा कान आधी दाराकडे जातो. कुणीतरी उठलं. मग आणखी एक खुर्ची वाजली. मग दोन-तीन. पावलं लाकडावर सरकायला लागली. मला वाटलं, झालं. चालले. या आवाजासाठी कोण बसणार आहे? त्या एका क्षणात मला सगळं आठवलं, गॅसवाला, गवसणीतले तंबोरे, सगळं. आवाज थरथरला. वेदिकाच्या पेटीवरचा हात अडखळलेला मला ऐकू आला. मी मनात म्हटलं, पोरीसाठी तेवढं पूर्ण करायचं. दारापर्यंत जातील तोवर जातील. ज्यांना राहायचं ते राहतील. कुणीच उरलं नाही तरी चारजण वाजवताहेत आणि माझी भाची आहे, तेवढे श्रोते मला पुरे आहेत.

आणि मी खाली उतरायला लागले. पण दार वाजेना. पावलं जाईनात. ती माझ्या भोवतीच कुठेतरी फिरत होती. मी डोळे उघडले.

ते नाचत होते, दीपक.

पहिलं उठलेलं जोडपं माझ्याहूनही म्हातारं. तिच्या कपाळाला त्याचा गाल टेकलेला, दोघांचे डोळे मिटलेले. त्यांच्यामागे आणखी कितीतरी. मी षड्जावर आले की पावलं लांब व्हायची, मींड घेतली की ती वळायची. पुढची रिकामी जागा आली. वाद्यं थांबली, मी थांबले, आणि ती सगळी माणसंही थांबली. एकेक पाय नुसता जमिनीला टेकवून, श्वास धरून. मी गात नाही तोवर हलणार नव्हती. जन्मभर मी बसलेल्या लोकांसमोर गायले. त्यांनी माना हलवल्या, वाहवा दिली, माझं भाग्य. पण माझ्या न गाण्याची अशी वाट कुणी पाहिली नव्हती.

मी हवी तेवढी थांबले. मग मंद्राचा पंचम लावला, आणि सगळी जमीन हलली.

रचना लिहिली होती तिथे संपत आली. वेदिकाने पेटीवरून मला खूण केली. मी मान हलवून नाही म्हटलं आणि आणखी एक आवर्तन घेतलं. तिने डोळे वटारले. ओरासिओंनी मात्र भाता पुन्हा उघडला. काय करणार, ते म्हातारं जोडपं अजून पलीकडच्या भिंतीपाशी पोचायचं होतं. त्यांना मध्येच कसं सोडायचं?

वेदिका आली वाटतं, जिन्यात पावलं वाजली. थांबते. पुढच्या आठवड्यात ओरासिओ मला नाचाची पहिली चार पावलं शिकवणार आहेत. कुणाला सांगू नका. दोघांवरही माझा जीव आहे, तिकडचा माझ्यावरचा थोडा पाठवत राहा.

तुमची,
ताई